येऊन राहिली

कॉलेजात जाण्याची माझी सगळी तयारी एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर लिहिलेली होती. अक्षर ताईचं. डावीकडे आमचे शब्द, उजवीकडे कॉलेजचे. मले – मला. तुले – तुला. काहून – का. सगळ्यात खाली, दोन रेघा मारून : करून राहिली – करते आहे. हे कॅलेंडर स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला उलटं टांगलेलं असायचं, आणि त्या उन्हाळ्यात माझ्या कितीतरी पोळ्या त्याच्याकडे बघता बघता करपल्या.

सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही काटोलला राहायचो. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. आई गेली त्याच वर्षी ताई मॅट्रिक झाली. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते कधी कोणी बोललं नाही. आई गेल्यावर चूल कोणी सांभाळायची हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. ताईने पदर खोचला आणि कामाला लागली, बस. चार वर्षांनी मी मॅट्रिक झाले तेव्हा तिनेच बाबांपुढे ताट ठेवता ठेवता सांगितलं, "हिले नागपूरले पाठवा लागते." बाबा जेवत राहिले. नाही म्हणाले नाहीत, म्हणजे हो.

शब्दांची यादी करायचं कारण आमच्या गल्लीतली एक मुलगी. ती नागपूरला कॉलेजात जाऊन आली होती आणि सांगत होती की तिकडे 'मले' म्हटलं की वर्ग हसतो. खरं म्हणजे नागपुरात भाजीवालीपासून वकिलापर्यंत सगळे तेच बोलतात. पण आम्हाला हे कोण सांगणार? आमच्या मते नागपूर रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलत असणार.

मग ताईने खेळ काढला. जिच्या तोंडून जुना शब्द निघेल तिने विहिरीवरून एक बादली पाणी आणायचं. पहिला आठवडाभर घरातलं सगळं पाणी मीच भरलं. बाबा म्हणाले, "पोरगी शिकाले चालली का पानी भराले?" ताई भराभर शिकली, माझ्याआधी शिकली. तिचं अडायचं एकाच ठिकाणी. कणीक तिंबताना म्हणायची, "थांब, मी कणीक मळून राहिली." मी म्हणायचे, "ताई, बादली." ती कपाळाला हात लावायची आणि पिठाचा डाग तिथेच राहायचा. "हे 'राहिली' मेलं जिभेवरून उतरूनच नाही राहिलं," म्हणायची, आणि दोन बादल्या आणायला जायची.

जाताना तिने मला आणखी एक यादी दिली, तोंडी. पुढच्या बाकावर बसजो. लायब्ररीतलं कार्ड कोरं ठेवू नोको. नाटकात नाव दे, वादविवादात नाव दे, कोणी विचारलं तर मागं सरू नोको. "दोघींचं कॉलेज तू एकटी करून राहिली, ध्यानात ठेव." या वाक्यात एक बादली होती. पण ट्रंकेला कुलूप लावताना मी काही बोलले नाही.

तसं तिचं स्वतःचंही काही ठरलं होतं. बी.ए.ला बाहेरून बसता येतं हे तिने कुठूनतरी काढलं होतं. घरी अभ्यास करायचा, फॉर्म भरायचा, परीक्षेपुरतं नागपूरला यायचं. मी वर्गात लिहून घेतलेलं पंधरा दिवसांनी घरी न्यायचं आणि तिने ते उतरवून घ्यायचं, असं आमचं ठरलं.

होस्टेलच्या रेक्टरबाई पुण्याच्या. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मला माझी खोली दाखवता का?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू इकडची वाटत नाहीस," म्हणाल्या. एवढं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं. मी लगेच ताईला पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, एकाच ओळीचं : पाणी वाया गेलं नाही म्हणायचं.

आणि मी खरंच सगळं केलं. पुढच्या बाकावर बसले. लायब्ररीचं कार्ड भरलं, दुसरं घेतलं. वादविवादात बोलले. गॅदरिंगच्या नाटकात काम मिळालं. धरमपेठेतून मैत्रिणींबरोबर सायकलवर सीताबर्डीला जाताना मी मोठ्याने बोलायचे, मोठ्याने हसायचे. पंधरा दिवसांनी घरी जायचे ते महिन्याने जायला लागले. ताईला नोट्स पोस्टाने पाठवायचे, मग तेही राहून जाऊ लागलं. तिने कधी तक्रार केली नाही. मिळतील त्या नोट्स ती पेन्सिलने खुणा करकरून वाचायची. पुढेपुढे मी मनातल्या मनातसुद्धा 'मला' म्हणू लागले, आणि याचा मला अभिमान होता.

दुसऱ्या वर्षी आर्वीकडून ताईला स्थळ आलं. बाबांना पसंत होतं. ताईने मान वर न करता सांगितलं, मले बी.ए. कराचं आहे. बाबा कधी चिडत नसत, पण शब्दाचे पक्के. ते म्हणाले, "औंदा तुहा फारम गेला त मी त्याइले नाही म्हणतो. नाही गेला त मंग माह्यं आयकाचं." ताई कबूल झाली. फॉर्म म्हणजे काय, जाणारच की. नागपुरात सख्खी बहीण बसलेली होती ना.

मी विद्यापीठातून फॉर्म आणला. माझ्याच अक्षरात भरला. तिच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटच्या नकलांवर आमच्या सरांची सही घेतली. राहिलं होतं एवढंच : तिची सही, ती ऑफिसात समोरच करायची होती, आणि तिचा फोटो. फोटो तिने काटोललाच काढून घेतला होता. कधी येऊ म्हणून तिने दोनदा विचारलं. पहिल्यांदा माझ्या परीक्षा होत्या. दुसऱ्यांदा नाटकाच्या तालमी. मी लिहिलं, शेवटची तारीख शनिवारची आहे, ऑफिस दुपारी दोनपर्यंत असतं, त्याच्या आधी सोबत मिळेल तशी ये आणि निघताना होस्टेलवर फोन कर. पुढे लिहिलं, एसटी स्टँडवरच थांब, मी घ्यायला येईन. होस्टेल शोधत फिरू नकोस.

हे शेवटचं का लिहिलं ते सांगायला हवं. ती एकटी कधी नागपूरला आली नव्हती, चुकली असती, हे खरंच आहे. पण होस्टेलच्या फाटकावर उभं राहून ती रेक्टरबाईंना "माही बहीण कोठं आहे वं बाई?" विचारेल, आणि व्हरांड्यातल्या मुली ऐकतील, या भीतीने मी ते लिहिलं होतं. मला तिची लाज वाटत होती. जिने मला बोलायला शिकवलं तिच्या बोलण्याची.

शुक्रवारी वर्ग आटोपून आले तर खोलीच्या दाराच्या फटीत रेक्टरबाईंची चिठ्ठी होती. सुंदर, वळणदार अक्षर. 'तुझ्या बहिणीचा काटोलहून फोन होता. ती नागपूरला येऊन राहिली आहे. तुला कळवायला सांगितले आहे.'

मी वाचलं आणि मला हायसं वाटलं. म्हणजे आली, आणि राहिली आहे. राहणार कुठे, महाल भागात आमच्या आत्याकडे. बाबांनीच आणून सोडलं असणार. बरं झालं, आता घाई नाही, उद्या सकाळी आत्याकडून तिला घेते आणि विद्यापीठात जाते. काटोलहून फोन केलेली बाई त्याच वेळी नागपुरात येऊन राहिलेली कशी असेल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. चार वाजता तालीम होती. मी केस बांधले आणि तालमीला गेले. त्या दिवशी माझं काम फार छान झालं, सगळे म्हणाले.

शनिवारी सकाळी फॉर्मची पिशवी घेऊन मी आत्याच्या दारात उभी राहिले. आत्या अंगणात तांदूळ निवडत होती.

"ताई तयार झाली का?" मी विचारलं.

"ताई? ते कायले येईन इथं?"

"अगं, ती कालपासून इथे येऊन राहिली आहे ना? तिचा फोन होता."

आत्याने सुपातला हात थांबवला. "काय म्हणाली ते फोनवर?"

"येऊन राहिली म्हणाली."

"अवं, येऊन राहिली म्हणजे निघाली नं ते. येतच आहे म्हणजे." आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "तुले आता आपली बोली बी समजत नाही काय?"

मी स्टँडवर पळत गेले. काटोलच्या बसेस लागतात तिथल्या बाकावर एक म्हातारा संत्री सोलत बसला होता. ताई नव्हती. ती असणार कशी? ती काल आली होती. फोटो तिच्याजवळ होता, अकरा वाजून गेले होते, दोन वाजता ऑफिस बंद होणार होतं, आणि काटोलला जाऊन परत यायला चार तास लागत होते. हे सगळं कळत असूनही मी समोर लागलेल्या काटोलच्या बसमध्ये चढले.

घरी पोचले तेव्हा ताई भाकरी थापत होती. मला बघून तिने पहिलं काय विचारलं असेल? "तुले बरं नव्हतं काय वं? मी रातभर तोच विचार करत होती."

ती शुक्रवारी एक वाजता एकटीच उतरली होती. साडेपाचच्या शेवटच्या बसपर्यंत त्या बाकावर बसली होती. डबा आणला होता दोघींसाठी, तो उघडला नाही. मी विचारलं, कुणाला विचारत होस्टेलवर का नाही आलीस? "तू लिहिलं होतं नं, हलू नोको म्हणून." फोटो तिने रुमालात गुंडाळून कमरेला खोचला होता. घामाने त्याचा कोपरा दुमडला होता.

मी रेक्टरबाईंवर घसरले. त्यांनी चुकीचं लिहिलं, त्यांना आपली भाषा कळत नाही, पुण्याच्या शहाण्या, असं काय काय बोलले. आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने हात पुसून ती घेतली, नीट वाचली. वाचताना तिचे ओठ हलत होते.

"बाईनं बरोबर लिहिलं," ती म्हणाली. "मीच 'येते आहे' म्हणाली नाही. फोनवर घाई झाली." मग चिठ्ठीची घडी घालून माझ्या हातात दिली, आणि म्हणाली, "बादली माही."

ती खरोखरच बादली घेऊन विहिरीवर गेली. घरात पाणी भरलेलं होतं. मी तव्यावरची भाकरी उलटवली आणि तिथेच बसून रडले. ती बराच वेळ आली नाही, आणि आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं.

मी बाबांना सांगितलं, चूक माझी आहे, पुढच्या वर्षी भरू. बाबा म्हणाले, "शब्द झाला होता." उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. कॅलेंडर तिने जाताना खिळ्यावरून काढलं की आधीच चुलीत गेलं, मला माहीत नाही. आर्वीहून तिची पत्रं यायची, सगळी उजवीकडच्या रकान्यातली. मला तुझे पत्र मिळाले. मी मजेत आहे. तुला वेळ झाला की ये. पेपर तपासावा तशी मी ती वाचायचे आणि त्यात एकही चूक सापडायची नाही. ती मला इतकं शुद्ध लिहायची याचं मला जे वाटायचं, ते मी तिला कधी सांगितलं नाही.

मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, नागपुरातच शिकवायला लागले. मराठीच शिकवते, आता काय बोलायचं.

लग्नानंतर एकोणीस-वीस वर्षांनी ताईची मुलगी बारावी झाली. ताईचा माझ्या घरी फोन आला, "पोरीले घेऊन येऊन राहिली. तिचं कॉलेजात नाव घालाचं आहे." बस साडेबाराची होती. मी दहा वाजता स्टँडवर जाऊन उभी राहिले. ताई उतरली, माझा हात हातात घेतला. "कवापासून उभी आहेस वं?"

"आत्ताच आली," मी म्हणाले. आपोआप 'आली'च निघालं तोंडातून.

कॉलेजच्या ऑफिसात भाचीने स्वतःच फॉर्म भरला. बडबड करत, आमच्या बोलीत, कुणालाही न लाजता. क्लार्कने फॉर्म बघितला आणि परत सरकवला. "पालकाची सही राहिली."

ताईने पेन घेतलं. चष्मा पिशवीतून काढून लावला. रकाना कुठला ते बोटाने विचारलं, मी दाखवला. तिने सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर, रेघ सोडून कुठे जाऊ न देता. क्लार्कने शिक्का मारला आणि फॉर्म गठ्ठ्यावर ठेवून दिला.

ताई त्या गठ्ठ्याकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "झालं? एवढंच होतं काय वं?"

तिचा तो फॉर्म अजून माझ्या ट्रंकेत आहे. माझ्या अक्षरात भरलेला, सहीची जागा तेवढी कोरी. मी तिला म्हणाले, हो ताई, एवढंच.