बटण लाव, मग घेते

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवून धंदा करणारी बाई अख्ख्या घाटकोपरात एकच, आणि ती नेमकी आमच्याच इमारतीच्या नशिबी आली. आमची बोहारीण. जुने कपडे घ्यायचे, त्यावर स्टीलची भांडी द्यायची, एवढंच काम. पण ही कपडे घेण्यापेक्षा परत करण्यातच जास्त दमायची, आणि आम्हालाही दमवायची. दर गुरुवारी दुपारी जरा पाठ टेकावी, तर जिन्यात हाक, "भांडीऽऽय!" मग पायरीवर बसकण मारून एकेक कपडा उजेडात धरायचा, चिमटीत चोळायचा, शिवण उलटून बघायची. तळमजल्यावरच्या पोरीने मोबाइलवरून मागवलेले, दोनदा घातलेले ढीगभर टॉप आणले, तर हिने एकाचा दोरा उपसून काडीने पेटवला आणि वितळलेला गोळा तिच्या नाकाखाली धरला. "कापड नाय गं हे, प्लास्टिक हाय. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर पण सडायचं नाय. तूच घाल, म्हातारी होईस्तोवर!" शेजारच्या वहिनींनी सुती साडी दिली, तर "आत्ता कुठं मऊ झालीय, नातवाला दुपटी शिव" म्हणून परत. साडी गेली नाही, पातेलं आलं नाही. वहिनी आठवडाभर धुसफुसत होत्या.

माझी तर तिने वाटच लावली. आमचे हे गेले त्याला दोन वर्षं झाली. कपाट उघडलं की समोर यांचे शर्ट, आणि मला ते बघवेनात. एका गुरुवारी सहाच्या सहा तिच्यापुढे नेले. म्हटलं, "भांडं देऊ नकोस हवं तर, पण ने बाई एकदाचे." पाच तिने मुकाट्याने गाठोड्यात टाकले. सहावा निळ्या चौकडीचा, यांचा रोजचा. तो ओढायला गेली आणि थांबली. "बाही सोड की." बघते तर एक बाही माझ्याच मुठीत. मी सोडली, पण तिने शर्ट माझ्या मांडीवर ठेवला. "वरचं बटण तुटलंय. बटण लाव, मग घेते." पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्याही. लोकांच्या शर्टांना ही तिथंच बसून स्वतः बटणं लावायची, त्यासाठी डबाभर बटणं बाळगायची! मी चिडून विचारलं, "माझ्याच शर्टाला काय झालं गं?" "तो तू लाव," म्हणाली, आणि पुढच्या दाराकडे गेली.

मग सोसायटीने गेटजवळ हिरवी पेटी आणून बसवली. जुने कपडे टाका, पृथ्वी वाचवा. त्याबरोबर फेरीवाल्यांना बंदी, आणि वॉचमनने हिला बाहेरूनच वाटेला लावलं. पेटीला सगळं चालतं, ती काही चोळून बघत नाही. तळमजल्यावरची पोरगी खूश आहे. मीही शर्ट घेऊन दोनदा खाली गेले, आणि दोनदा तसाच वर घेऊन आले.

परवा शेवटी बटण लावलं. दोरा ओवायलाच अर्धा तास गेला, डोळे कुठे राहिलेत आता. गुरुवारी दुपारी हल्ली कुणी उठवत नाही, तरी डोळा लागत नाही. शर्ट घडी करून दाराशी ठेवलाय. ये गं बाई एकदा. बटण लावलंय, आणि बाहीपण सोडते.