मुहूर्ताच्या पाच वेली

पीक फुलावर कधी येणार, काढणीला कधी येणार, हे आधीच सांगणारं ॲप आम्ही चालवतो. जळकोटात, पाइपच्या दुकानावरच्या एका खोलीतून. पुण्याहून आलेला सचिन प्रोग्रॅम लिहितो आणि मी गावोगाव फिरून ते ॲप शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून देतो. अंदाज किती चुकले ते सचिनच्या कॉम्प्युटरमध्ये साठतं. त्यापायी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते माझ्याकडं साठतं, आणि माझा साठा मोठा आहे!

*

पहिल्याच हंगामात मेसेज गेला, 'आपली तूर आज फुलोऱ्यात येईल.' दुपारी उमरग्याहून एका शेतकऱ्याचा फोन.

"सायेब, सकाळपासनं बांधावर बसलोय. किती वाजता?"

सचिननं तिथल्या तिथं 'आज' काढून 'या आठवड्यात' केलं.

*

आमचं सगळं गणित उष्णतेवर. ऊन मिळालं की पीक पुढं सरकतं, गारठा पडला की रेंगाळतं. म्हणून शेतात तापमान मोजणारी एक पांढरी डबी लावतो. कळंबजवळ भर उन्हाळ्यात ही डबी थंडी दाखवायला लागली आणि भुईमूग वाढायचा थांबलाय, असं ॲप सांगायला लागलं. जाऊन बघतो तर डबीवर ओलं पोतं! घरच्या आजींनी टाकलेलं.

"दिसभर उन्हात हुबं ऱ्हातंय बिचारं. तापंल की!"

पोतं काढताना मला खरंच वाईट वाटलं.

*

एका बैठकीत एका आजोबांनी विचारलं, "माज्या आंब्याला मोहोर कवा येनार?"

सचिन म्हणाला, "आजोबा, आंबा अजून ॲपमध्ये घेतलेला नाही."

आजोबा काळजीत पडले. "मग त्याला कळायचं कसं?"

*

आता बब्रुवानकाका. आमच्यावर सगळ्यात आधी विश्वास टाकला तो यांनी, आणि टाकला तो असा, की द्राक्षं कधी उतरणार ते ॲपला विचारून, त्यानंतरची तारीख बघून त्यांनी लेकीचं, शीतलचं लग्न धरलं. पत्रिका वाटून झाल्या.

ॲपनं सांगितलेल्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली. व्यापाऱ्यानं मणी तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि गाडी रिकामी परत नेली. आम्ही दोघं धावत बागेत गेलो.

"काका, छाटणी कधी केली होती?" सचिननं विचारलं.

"दसऱ्याला. तेच तर भरलंय मोबाइलात."

"सगळी बाग?"

"सगळी कशी? नारळ फोडून मुहूर्ताच्या पाच वेली छाटल्या. बाकीची बाग मजूर आल्यावर, दिवाळीच्या तोंडावर!"

म्हणजे ॲप सगळ्या बागेचे दिवस त्या पाच वेलींच्या छाटणीपासून मोजत बसलं होतं. सचिननं तारीख बदलून बटण दाबलं. नवी तारीख बघून काकांनी खिशातली पत्रिकाच पुढं धरली. नेमका लग्नाचा दिवस!

"काका, लग्न थोडं पुढं ढकलता येईल?" सचिन म्हणाला.

"तुमचं ॲपच ढकला की!"

व्यापाऱ्यानं निक्षून सांगितलं होतं, आता एकदाच येईन, त्या दिवशी माल नाही भरला तर पुन्हा गाडी नाही. एकीकडं वर्षाची बाग, दुसरीकडं एकुलती एक लेक. मला तर काकांच्या घरावरून जायचीही लाज वाटत होती.

लग्नाच्या दिवशी सकाळीच गाडी आली. मणी गोड होता! मांडव बागेला लागूनच. मजुरांच्या जोडीला मामा, मावश्या, आम्ही दोघं, सगळे कात्री घेऊन बागेत. थोड्या वेळानं नवरदेवाचे दोन भाऊही बाह्या सारून आले. शीतल मुंडावळ्या बांधून मांडवाच्या कडेला उभी, क्रेट मोजत होती.

गाडी अर्धी भरली आणि भटजी धोतर सावरत बागेत शिरले. "यजमान, चला! मुहूर्त टळतोय!"

डोक्याला फेटा, हातात कात्री. काकांनी वेलीवरची नजरसुद्धा काढली नाही.

"गुरुजी, मुहूर्ताच्या पाच अक्षता टाकून घ्या. बाकीचं लगीन गाडी भरल्यावर!"