पप्पांच्या बारा माश्या

अबुधाबीच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या कडेवर एक खोल वळ आहे. तिथे पप्पा त्यांचा छोटा वाइस, म्हणजे स्क्रूचा शिकंजा, आवळायचे. त्याच्या चिमट्यात तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा गळ पकडायचा. मग त्यावर रेशमी दोरा, सशाची लव आणि कोंबडीच्या मानेचं पीस बांधत जायचं. शेवटी वरून सोनेरी जरीचे चार-पाच वेढे दिले की माशी तयार होते. ही खोटी माशी नदीत टाकली की ट्राउट मासा तिला किडा समजून गिळतो.

पप्पांनी नदीतला ट्राउट कधी पाहिला नाही. हायपरमार्केटमध्ये बर्फावर मांडलेला मात्र ते दर वेळी थांबून बघायचे. वाकून त्याचं तोंड निरखायचे. एकदा काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "साब, क्लीन करके दूँ?" पप्पा दचकले आणि नको नको म्हणत पुढे निघाले. आम्ही वसईचे. आमच्या घरी पापलेट आणि बोंबील येतात.

ही कला त्यांना त्यांच्या पहिल्या साहेबांनी शिकवली. साहेब स्कॉटलंडचे, इंजिनीयर. पप्पा त्यांच्या हाताखाली फाइली सांभाळायचे. साइटवरच्या पोर्टा केबिनमध्ये जेवणाच्या सुट्टीत साहेब माश्या बांधत बसायचे आणि पप्पा टेबलाच्या पलीकडे बसून बघायचे. साहेब म्हणायचे, इकडे ये, माझ्या बाजूला खुर्ची आहे. पप्पा कधी गेले नाहीत. साहेबांच्या बाजूला कसं बसायचं?

साहेब निवृत्त होऊन घरी परतले. तेव्हापासून दर वर्षी फेब्रुवारीत, तिकडचा मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत, पप्पा त्यांना बारा माश्या पाठवायचे. सोनेरी जर दुबईच्या मीना बाजारातल्या साड्यांच्या दुकानातून आणायचे. मम्मी म्हणायची, "लोक ऑफिसात माश्या मारतात. आमचे घरी येऊन बांधतात." पप्पा हसायचे, पण मान वर करायचे नाहीत. साहेबांचा निरोप आला की तो आम्हा दोघींना वाचून दाखवायचे. कुठल्या माशीला किती मोठा मासा लागला, तेही सांगायचे. ऑफिसात त्यांचं कौतुक झाल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. घरात ते नाव आम्ही उच्चारत नाही. मी दुबई मरीनाला नोकरी करते. शुक्रवारी संध्याकाळी बस पकडून घरी जाते. शनिवारी सकाळी पप्पा खिडकीजवळ माश्या बांधत बसलेले असायचे आणि मी सोफ्यावर लॅपटॉप उघडून त्यांच्याकडे बघत असायचे. दोरा तुटायचा. पीस निसटून जमिनीवर पडायचं. ते म्हणायचे, "या वेळी दोराच खराब आलाय."

मी "हो" म्हणायचे.

तेव्हाच मी ऑनलाइन एक स्वस्त वाइस मागवला. फ्लॅटवर व्हिडिओ लावून शिकायला लागले. कुणाला सांगितलं नाही, माझ्या रूममेटलाही नाही. सहा आठवड्यांत मला पप्पांची माशी जमली. शेपटी तेवढीच, लव तेवढीच विरळ. माझा हात स्थिर आहे, यात माझं काही कर्तृत्व नाही.

फेब्रुवारीत पप्पांनी त्यांच्या बारा माश्या पुऱ्या केल्या. त्यासाठी दोन महिने लागले होते. एकीचं डोकं फुगलेलं होतं, दुसरीचे पंख एका बाजूला कलले होते, दोघींची जर सुटत होती. त्यांनी त्या डबीत ओळीने लावल्या आणि डबी माझ्या हातात दिली.

"बाय, कुरियर करशील ना? या वेळी जरा जमल्यात."

"छान झाल्यात, पप्पा."

सोमवारी मरीनातल्या कुरियरच्या काउंटरवर मी डबी उघडली, त्यांच्या माश्या काढल्या आणि मी बांधलेल्या बारा ठेवल्या. त्यांच्या माश्या पुदिन्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून पर्समध्ये टाकल्या. साहेबांनी पप्पांची कीव करावी, हे मला नको होतं. साहेबांचा निरोप येणार आणि पप्पा तो टेबलावर वाचून दाखवणार, एवढंच मी धरून चालले होते.

निरोप मार्चअखेर आला, शनिवारी, आम्ही नाश्त्याला बसलो असताना. या वेळी साहेबांनी आवाजच पाठवला होता. पप्पांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. म्हातारा, धापा टाकणारा आवाज इंग्रजीत बोलत होता. एवढ्या वर्षांतल्या सगळ्यात सुंदर माश्या, तो म्हणाला. पुढे हसून म्हणाला, आणि तू शेवटी दोरा आमच्यासारखा फिरवायला लागलास तर! तू समोर बसून शिकलास, म्हणून तुझा दोरा कायम उलटा फिरायचा. तुझी माशी मी जरीच्या तिरकसपणावरून ओळखायचो. तुला सांगायचं मात्र माझ्याच्याने कधी झालं नाही.

मम्मीने ऑम्लेटची बशी पुढे सरकवली. "बघा, म्हातारा खूश झाला! यल्ला, खा आता, गार होतंय."

पप्पांनी निरोप पुन्हा लावला. मग हवेत बोट फिरवून पाहिलं. बांधताना ते गळाचं तोंड उजवीकडे ठेवायचे, साहेबांचं असायचं तसं. दोरा मात्र स्वतःच्या दिशेने फिरवायचे, कारण समोरून तो त्यांना आपल्याकडे येताना दिसायचा. व्हिडिओतला माणूस दोरा पलीकडे फिरवत होता, म्हणून मीही पलीकडेच फिरवला. पप्पांना बघत मी लहानाची मोठी झाले आणि एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"माझ्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कसल्या?" मम्मी म्हणाली.

मी उठून पर्स आणली. डबी उघडून त्यांच्यासमोर ठेवली. मम्मीने डबीत पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती चहा करायला आत गेली. चहा टेबलावर होताच.

पप्पांनी एक माशी उचलून भिंगाखाली धरली. बराच वेळ बघत होते. सॉरी हा शब्द माझ्या तोंडात आला होता. तो इतका सोपा होता की मला बोलवेना.

"बांधल्या कुणी?"

"मी."

"शिकलीस कुठे?"

"व्हिडिओ बघून."

त्यांनी मान हलवली. मग ड्रॉवरमधलं ब्लेड काढलं. जुनी माशी खराब झाली की दोरा कापून गळ परत वापरतात. त्यांनी पहिल्या माशीवर ब्लेड टेकवलं, पण हात तिथे थांबेना. दोनदा घसरला. त्यांनी ब्लेड टेबलावर ठेवून माझ्याकडे सरकवलं.

"काप. गळ चांगले आहेत."

"पप्पा, राहू देत ना."

"काप, बाय."

मी कापत गेले. दोरा सुटला की जर, मग पीस, मग लव. दोन महिन्यांचं काम पंधरा मिनिटांत मोकळं झालं. ते एकेक गळ चिमट्याने उचलून डबीत टाकत होते. दोन खाली पडले. मी ते शोधून दिले. बारावा गळ आत गेल्यावर त्यांनी झाकण लावलं. ते खटकन बसलं.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले. "मी शिकवलं असतं."

मग ते टेबलाच्या कडेचा वाइस सोडवायला लागले. स्क्रू घट्ट होता आणि हात निसटत होता. मी मदतीला हात पुढे केला. त्यांनी मान वर न करता माझा हात बाजूला केला.

साहेबांना त्यांनी संध्याकाळी उत्तर लिहिलं. फोन माझ्याकडे देऊन स्पेलिंग बघायला सांगितलं. दोनच ओळी होत्या. माश्या माझ्या मुलीने बांधल्या आहेत. यापुढे मी पाठवणार नाही. स्पेलिंग बरोबर होतं. मी फोन परत दिला आणि त्यांनी माझ्यासमोर बटण दाबलं.