शिक्षक पुरेसे आहेत का?

धान रोवण्याच्या हंगामात पालकांची मतं गोळा करायचा आदेश काढणाऱ्याला एकदा गुडघाभर चिखलात उभं करायला हवं. माहिती मोबाईलवर भरायची होती, आणि आमच्या गावच्या आया सकाळपासून धानाच्या बांधीत. मग काय, शाळा सुटल्यावर मीच बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून प्रश्न वाचायची अन् त्या वाकल्यावाकल्या उत्तरं द्यायच्या.

जीव थकला होता, तरी फिरले. कारण त्यात एक प्रश्न होता: शिक्षक पुरेसे आहेत का? पहिली ते चौथी एका खोलीत आणि शिकवायला मी एकटी. मोठी पाढे म्हणतात तोवर पहिलीतली भिंतीला टेकून पेंगतात. काही लेकरं तर अक्षरं जुळवता न येताच वर सरकत गेली. पालकांनी एका तोंडानं 'नाही' म्हटलं तर दुसरा शिक्षक मिळेल, असं केंद्रप्रमुखांनीच सांगितलं होतं.

पहिलीच बाई म्हणाली, "पुरे हायेत."

"अहो, मी एकटीच आहे ना!"

"मंग? तुमी एकल्या चौघाइचं काम करता. लिवा, पुरे हायेत."

दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. शेवटी मी चिडले. तेव्हा ती पहिली कंबर सरळ करत म्हणाली, "मॅडम, आमाले काय समजत नाही का? मागच्या सरची तक्रार झाली अन् बदली झाली. तुमच्यावर आमी शिंतोडा येऊ देत नाही."

अगं बाई, ही माझी तक्रार नाही, दुसरी जागा रिकामी आहे त्याची आहे! सांगून सांगून घसा बसला. पण आमच्याकडे मास्तराच्या तोंडावर उणं बोलायची रीतच नाही. पोरांनाही विचारायचं होतं, त्यांनीही सगळं छान म्हटलं. शिक्षकाचं मत म्हणून 'नाही' तेवढं माझं एकटीचं.

केंद्राच्या बैठकीत आमच्या शाळेसाठी टाळ्या वाजल्या. पालक पूर्ण समाधानी! दुसरा शिक्षक पलीकडच्या गावाला गेला, तिथल्या लोकांनी भांडून मागितला होता. मला रडूही आलं नाही, एवढी दमले होते.

परवा अड्याळच्या बाजारात तीच बाई भेटली. चेहरा नुसता फुललेला. "नाही झाली ना बदली? आमी बरोबर सांगतलं ना?"

कपाळ माझं! "हो," म्हटलं.

मग ती जवळ सरकली, आवाज खाली आणला. "मॅडम, एक विचारू? पोरगी चौथीत गेली, पन अजून वाचता येत नाही तिले. काहून येत नसन?"