वरच्या खोलीचा कारभार

तालमीत किस्से कसे साचतात, तर कोपऱ्यात फुटक्या फुटबॉलचा ढीग साचतो तसे. टाकवत नाहीत, आणि कुणी आलं की दाखवल्याशिवाय राहवत नाही!

आमची तालीम कोल्हापुरात, शिवाजी पेठेतली. कारभाराला दोन कमिट्या. खाली विमान आणि कपबशी या चिन्हांच्या दोन पॅनेलांतून निवडून आलेली कार्यकारिणी, वरच्या खोलीत ज्येष्ठांचं सल्लागार मंडळ. खाली झालेला ठराव वर पास झाला तरच खरा. फुटबॉल खेळणाऱ्या आम्हा पोरींना कपडे बदलायला तीच वरची खोली हवी होती. खाली दर वेळी मंजूर, वर दर वेळी "बघू की!" आणि आम्ही रिक्षाच्या आडोशाला जर्सी चढवायचो.

*

सल्लागारांचे प्रमुख आप्पा. एकदा त्यांना गाठलंच.

"आप्पा, दोन कमिट्या कशाला?"

"खालच्यांवर लक्ष ठेवायला."

"आणि वरच्यांवर कोण ठेवतं?"

"वर आम्ही स्वतः हाय की!"

*

तालमीची नियमावली वाचणारी बहुतेक मी पहिलीच. पुरेशा सभासदांनी सह्या केल्या तर विशेष सभा घ्यावीच लागते, आणि ती सभा नियम बदलू शकते! निघालो सह्यांना. मागणी सोपी : एकच कमिटी, पॅनेल नाही, चिन्ह नाही.

विमान पॅनेलचा म्होरक्या म्हणाला, "कपबशीवाल्यांनी केली तर करतो." कपबशीवाला म्हणाला, "आधी विमानाला करू दे!"

शेवटी दोघांना एका टेबलाशी बसवलं, दोन कागद, दोन पेनं दिली आणि शिट्टी वाजवली!

*

सभेत एक आजोबा तडकले, "चिन्हच नसलं तर मत द्यायचं कुणाला?"

मागून आमची गोलकीपर सोनाली ओरडली, "माणसाला द्या की!"

आप्पांची माणसंसुद्धा हसली. हसता हसता हात वर झाले. इतके, की मोजायची वेळच आली नाही!

*

निवडणूक झाली. मतपत्रिकेवर नुसती नावं. मी निवडून आले. आप्पाही आले, पॅनेलशिवाय, स्वतःच्या नावावर! पहिल्याच बैठकीत आमच्या खोलीचा ठराव आला आणि तिथल्या तिथं मंजूर.

पुढच्या बैठकीत मैदानाच्या रोलरवरून वाद पेटला. आप्पा वैतागून उठले, विषयाचा कागद उचलला आणि जिना चढायला लागले. "तुमच्यानं काय हुईत न्हाय. हे आता वरच ठरवतो!"

वरून सोनालीचा आवाज आला, "आप्पा, आधी दार वाजवा!"