डाव्या हाताचे पान

त्या मंगळवारी माझा भाऊ कारखान्यातून घरी आला. त्याने सायकल भिंतीला लावली. आईने त्याला हाक मारली. त्याने ओ दिली नाही. आईने पुन्हा हाक मारली. तो जोडे काढत राहिला.

"काहून रे, बोलून नाही राहिला?" म्हणत आई त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. त्याने तिच्या ओठांकडे पाहिले आणि आपल्या कानाकडे बोट केले.

पासष्टच्या युद्धाचे दिवस होते. आमच्या अधारतालच्या घराच्या काचांना काळे कागद लावलेले होते आणि भावाला रविवारची दुपार तेवढी मोकळी मिळे. कारखान्यात तो तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तपासायचा. लाकडी हातोडीने पुंगळी ठोकायची आणि ऐकायचे. चांगली असेल तर ती घंटेसारखी वाजते, तडा असेल तर बद्द. डोळ्याला न दिसणारा तडा भावाला ऐकू येई, म्हणूनच त्याला ते काम दिले होते. तिथले मिस्त्री त्याची थट्टा करायचे, ती तो घरी येऊन जशीच्या तशी सांगे.

"क्यों मास्टर, ये गोला है कि तानपुरा?"

"तानपुरा होता तो सुर में होता, मिस्त्रीजी. इसको वापस भेजो."

त्याचा कान पियानोवर तयार झालेला होता. रेल्वेवाल्यांच्या क्लबात एक म्हातारी बाई पियानो वाजवायची, तिने त्याला लहानपणापासून शिकवले. तिच्या पुस्तकातल्या सुरांच्या खुणा त्याला कधीच वाचता आल्या नाहीत. तिने वाजवायचे, त्याने मागून वाजवायचे, एवढेच शिक्षण. पुढे ती गेल्यावर शनिवारी तोच तिथे वाजवू लागला. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांना चाली द्यायचा, लग्नांत वाजवायचा. पण स्वतःसाठी म्हणून तो कितीतरी वर्षे एकच रचना बांधत होता. तिला नाव नव्हते. घरात आम्ही तिला 'लांबवालं' म्हणायचो.

तो काम करी त्या शेडच्या मागे तोफांची चाचणी चाले. आधी भोंगा होई, मग बार. इतर लोक कानांत कापसाचे बोळे घालून काम करत. बोळे घातले की पुंगळी नीट ऐकू येत नाही, म्हणून भाऊ ते खिशात ठेवी आणि भोंगा झाला की हातांनी कान झाकी. त्या मंगळवारी त्याच्या दोन्ही हातांत पुंगळी होती.

डावा कान गेलाच होता. उजव्यात थोडे राहिले होते, तेही जाईल असे डॉक्टरांनी सांगितले. त्या संध्याकाळी भाऊ मला म्हणाला, "छोटी, लांबवालं लिहून घे. हा कान आहे तोवर."

"तूच लिही ना. तुला सा रे ग म येते," मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले.

"लिहायला थांबलो की हात विसरतात. तू लिही. पेटी वाजवते ना तू?"

मी पेटी वाजवत असे, त्यातूनच माझी चूक झाली. ओळीने चार रविवार आम्ही क्लबात गेलो. तो उजवा कान पियानोकडे वळवून वाजवी, एकेक तुकडा पुन्हा पुन्हा, आणि मी शेजारी बसून वहीत सूर उतरवी. माझी नजर त्याच्या उजव्या हातावर असे. पेटीवर सूर उजव्या हातात असतात, डावा भात्यावर असतो. त्याचा डावा हात वाजतो आहे हे मला ऐकू येत होते, नाही असे नाही. पण तो मला तबल्यासारखा वाटला, चालीच्या साथीला असलेला. चाल लिहिताना आम्ही तबला लिहीत नसू.

होळीच्या सुमारास उजवा कानही गेला. भावाची कोठारात बदली झाली. क्लबात तो पुन्हा गेला नाही. त्या उन्हाळ्यात मी चांगल्या अक्षरात वही उतरवून त्याच्या हातात दिली. तो खाटेवर बसून वाचत होता. उजव्या हाताने पाने उलटत होता आणि डाव्या हाताची बोटे खाटेच्या कडेवर चालत होती. मी पाटीवर लिहिले, 'सगळं आलं का?'

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "आलं. छान लिहिलं."

मी ते खरे धरून इतकी वर्षे काढली. गेल्या पावसाळ्यात भाऊ वारला. तेराव्यानंतर ती वही मी एका शाळेत पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे नेली. आयुष्यात एकदा ते पुन्हा ऐकावे, एवढेच मनात होते. त्यांनी वही समोर ठेवली आणि एका हाताने शेवटपर्यंत वाजवली.

"बहुत सुंदर है, दीदी," त्या म्हणाल्या. "लेफ्ट हैंड का पन्ना दीजिए."

मी वही परत घेतली. खाटेच्या कडेवर चालणारी ती बोटे मला तेव्हा आठवली. त्याला पहिल्याच पानावर कळले असणार. पण पुन्हा वाजवून सांगायला कान उरला नव्हता, आणि समोर मी पाटी घेऊन उभी होते.

वही माझ्या कपाटात आहे. तिची चौदा पाने आहेत. त्यांत उजव्या हाताचे सूर आहेत.