डोक्यावरचा स्लॅब

शहापूरला आमच्या समोरच्या खोलीत एक वायरमन एकटाच राहतो. बोलता बोलता तो मध्येच छताकडे बघतो. आधी मला वाटायचं, देवाला साक्षी ठेवतोय. मग त्याने आपल्या दाराजवळच्या खांबावर स्वस्तातली एक डबी बसवली. भूकंपाचा मोठा हादरा येण्याआधी जी बारीक थरथर होते, तिने ही डबी वाजते.

खडीचा डंपर गेला तरी वाजते, म्हणून सगळे हसतात. हा मात्र हातातला घास टाकून उठतो, आमच्याकडे धावत येतो आणि माझ्या सासूबाईंना टेबलाखाली बसवतो.

"परत खोटीच वाजली," एकदा मी चिडून म्हटलं.

"खोटी वाजली तं बरंच ना, ताई. खरी वाजली तं टेबल गाठण्यापुरताच टाइम. जिना उतरून व्हायचा नाय."

यंदा भातलावणीला डोळखांबकडे आपल्या पाड्यावर निघताना त्याने डबी काढली. मला सुटल्यासारखं वाटलं. पण त्याने ती आणून आमच्याच खांबावर ठोकली.

"दादा, घरी न्या ना. तिथे तुमची पोरं आहेत."

"आमचं घर कुडाचं, ताई. कारवी नि माती. पडलं तं अंग झटकून उठू आमी." त्याने वर बघितलं. "तुमच्या डोक्यावर स्लॅब हाय."

तो जिना उतरला. मी टेबलाखालचं तांदळाचं पोतं ओढून बाहेर काढलं. तिथे आतापर्यंत एकट्या सासूबाईंपुरतीच जागा होती.